नाडी आणि नाडी

नाडी तीन प्रकारची असते. एक वैद्य पाहतो, दुसरी ज्योतिषी वाचतो आणि तिसरी आपली आपण बांधायची असते. पहिल्या दोन नाड्यांत फार मोठं शास्त्र आहे म्हणतात. पण माणसाची अब्रू अवलंबून असते ती तिसरीवर. ती सुटली की पहिलीचे ठोके वाढतात, आणि दुसरीत काहीही लिहिलेलं असो, भविष्य अंधारात जातं.

मराठी माणसाला ह्याखेरीज चौथी एक नाडी माहीत आहे. दादा कोंडक्यांच्या ढगळ चड्डीतून बाहेर लोंबणारी. ही नाडी बांधलेली असूनही सुटल्यासारखी दिसते. आता सुटेल, मग सुटेल म्हणून सगळं थिएटर जीव मुठीत धरून बसतं. ती सुटत नाही. तीन तासांनी लोक सुटतात.

मी ही नाडी प्रथम पाहिली ती उलटी. आमच्या गल्लीत गणपतीला रस्त्यात पडदा बांधून सिनेमा दाखवीत. पडद्याच्या पुढची जागा बायका आणि जास्त वर्गणीवाल्यांसाठी. आमच्या वडलांनी वर्गणी जपून दिलेली असल्यामुळे आम्ही पोरं पडद्याच्या मागच्या बाजूला. तिथून सगळं उलटं दिसे. डावखुरे उजवे होत, दुकानांच्या पाट्या कुठल्यातरी परक्या लिपीत जात, आणि नाडी पलीकडच्या मांडीवर लोंबे. पण हसायला कुठं म्हणून अडलं नाही. तेव्हाच माझं मत झालं, की हा माणूस कुठल्याही बाजूनं पाहिला तरी चालतो. पुढं त्याचेच हिंदी सिनेमे पाहिले. पडद्याच्या पुढं, खुर्चीत बसून, तिकीट काढून पाहिले. आणि पहिल्यांदाच वाटलं, की आपण कुठंतरी मागच्या बाजूला बसलो आहोत.

आपल्या घरच्या विनोदी नटाला मोठ्या बाजारात जावंसं वाटलं, म्हणजे त्याच्या विनोदाचं नेमकं काय होतं? विषय समीक्षेचा आहे आणि मी बी. कॉम. आहे. आमच्या वेळी समीक्षा ऑप्शनललासुद्धा नव्हती. तरी हात घालतोय, कारण हा उद्योग मी स्वतः एकदा करून बसलो आहे.

आमच्या शाखेत वर्धापनदिनाला करमणुकीचा कार्यक्रम असतो. कॅशियर गातात, लोन सेक्शनच्या बाई त्यांना गाऊ देतात, आणि मी नक्कल करतो. नक्कल एकच. पेन्शनर आजोबा. हे आजोबा दर महिन्याच्या एक तारखेला, शटर अर्धं वर गेलं की वाकून आत येत. चष्मा दोऱ्यानं गळ्यात. पासबुक भरून मिळालं की एकेका आकड्यावर बोट ठेवून वाचत. "बरोबर आहे ना?" "बरोबर आहे, आजोबा." मग पासबुक प्लास्टिकच्या पिशवीत, प्लास्टिकची पिशवी कापडी पिशवीत, कापडी पिशवी काखेत. दारापर्यंत जात आणि परत येत. माझ्या काउंटरवर पिशवीतली पिशवी काढत, तिच्यातलं पासबुक चाचपत आणि मला सांगत, "आहे बरं का." जणू काळजी मला लागून राहिली होती.

आता ह्यात विनोद कुठं आहे? कागदावर तर कुठंच दिसत नाही. पण मी "आहे बरं का" म्हटलं की आमची शाखा टेबलं बडवायची, कारण तिथल्या प्रत्येकाला आजोबांनी कधी ना कधी "आहे बरं का" सांगितलेलं होतं. एका वर्षी आजोबा स्वतः पहिल्या रांगेत होते. पोट धरून हसले आणि शेजारच्याला म्हणाले, "आमच्या पेन्शनर संघात असाच एक आहे!"

ही कीर्ती वर गेली. बँकेत कीर्ती वर जायला वेळ लागतो, पण रजेच्या अर्जापेक्षा कमी. झोनल ऑफिसच्या समारंभात हीच नक्कल करावी, मात्र हिंदीत, असा निरोप आला. "आहे बरं का" ह्याचं हिंदी मी दोन रात्री जागून "है, हाँ" असं केलं. समोर लखनौ, पाटणा, चेन्नई, भुवनेश्वर असा सगळा भारत बसलेला. मी पासबुक वाचलं. शांतता. पिशवीत ठेवलं. शांतता. दारापर्यंत जाऊन परत आलो. भारताला वाटलं, माझं काहीतरी स्टेजवर विसरलंय. "है, हाँ," म्हणालो. आमच्या स्ट्राँगरूममध्ये ह्याहून जास्त आवाज असतो.

तेवढ्यात चष्म्याचा दोरा माइकच्या वायरीत अडकला आणि मी, माइक आणि दोन्ही पिशव्या असे एकत्र खाली आलो. सभागृह कोसळलं. एका मोठ्या साहेबांनी नंतर पाठ थोपटली. "वो गिरनेवाला आयटम बहुत बढ़िया था." तो आयटम नव्हता, अपघात होता. पण पाचशे माणसांचं हसू एकदा कानात शिरलं की पंचवीस माणसांचं हसू चिल्लर वाटायला लागतं. पुढच्या वेळी मी ठरवून पडलो. त्याचं काय झालं ते शेवटी सांगतो. तोवर माझ्याहून थोर माणसांकडं वळू.

दादा कोंडके मुंबईच्या गिरणगावातले. बँडपथक, सेवादलाचं कलापथक असं करत करत ते वसंत सबनीसांच्या 'विच्छा माझी पुरी करा' ह्या वगनाट्यात हवालदार झाले. ह्या वगाचं आधीचं नाव 'छपरी पलंगाचा वग'. त्याचे हजारावर प्रयोग झाले, पण हजार प्रयोग म्हणजे एकच गोष्ट हजारदा असं वगात नसतं. लेखक सांगाडा देतो आणि सोंगाड्या त्याच्यावर रोज ताजं मांस चढवतो. सकाळी पेपरात आलेली बातमी रात्री राजाच्या दरबारात हजर. गावाप्रमाणं शब्द बदलायचा, पहिल्या रांगेतल्या टोपीप्रमाणं टोला बदलायचा. म्हणजे सोंगाड्या बोलता बोलता समोरच्या माणसांची नाडी पाहत असतो. वैद्याची नाडी म्हणतोय मी.

मग सिनेमा आला. १९६९ साली भालजी पेंढारकरांचा 'तांबडी माती' आणि १९७१ साली दादांचा स्वतःचा 'सोंगाड्या'. दादांनी बाजार बदलला तो खरा इथं पहिल्यांदा, आणि माझ्या मते ही उडी हिंदीपेक्षा अवघड होती. कारण सिनेमात पहिली रांगच नसते. कॅमेरा हसत नाही, लाजत नाही, मधेच उठून तंबाखू थुंकायला जात नाही. नाडी पाहायची कुणाची?

दादांनी काय केलं? पहिली रांग उचलून पडद्यावरच आणली. तिला नऊवारी नेसवली, हातात लाटणं दिलं आणि तिचं नाव ठेवलं 'आये'. रत्नमालाबाई. नाम्या काहीतरी बोलतो, आणि आपण हसायच्या आत आयेच्या चेहऱ्यावर त्याची पावती फाटलेली असते. ती चिडते, शिव्या घालते, मारते, मग पोराला पोटाशी धरते. आये ही नुसती नायकाची आई नव्हे. ती नाम्याच्या निरागसपणाची जामीनदार आहे.

हा मुद्दा जरा नीट पाहायला हवा, कारण दादांचं नाव काढलं की लोक 'द्व्यर्थी' हा एकच शब्द बोलून मोकळे होतात. द्व्यर्थी विनोदात अर्थ दोन असतात हे खरं. पण त्याला माणसंही दोन लागतात. एक अर्थ न कळणारं आणि एक कळणारं. नाम्याला कळत नाही, आपल्याला कळतं. म्हणजे पाप सगळं आपल्या नावे पडतं आणि नाम्याचं खातं कोरं राहतं. आपण हसतो आणि हसताना थोडे खजील होतो. शेजारी आपली खरीखुरी आई बसली असेल तर अंमळ जास्तच होतो, आणि चोरून पाहावं तर तीही पदर तोंडाला लावून हसत असते. 'सोंगाड्या'चं यश नाडीत नव्हतं. नाडी लोंबतेय हे सगळ्या थिएटरला ठाऊक आहे आणि नाम्याला ठाऊक नाही, ह्यात होतं.

ह्या 'सोंगाड्या'ची एक हकीकत सुप्रसिद्ध आहे. दादरच्या 'कोहिनूर'मध्ये त्याला जागा मिळेना, कारण तिथं देव आनंदचा 'तेरे मेरे सपने' लागायचा होता. बाळासाहेब ठाकऱ्यांची शिवसेना मधे पडली आणि 'सोंगाड्या' लागला. पुढं 'एकटा जीव सदाशिव' (१९७२), 'आंधळा मारतो डोळा' (१९७३), 'पांडू हवालदार' (१९७५) अशी रांग लागली. दादांचे नऊ सिनेमे रौप्यमहोत्सवी झाले आणि गिनेस बुकात नोंद झाली. मराठी पडद्यावर ह्याहून वर चढायला जिना नव्हता. मग माणूस काय करतो? शेजारच्या इमारतीकडं बघतो. १९८४ साली दादांनी हिंदी सिनेमा काढला आणि त्याचं नाव ठेवलं 'तेरे मेरे बीच में'. तेरा वर्षांपूर्वी ज्या 'तेरे मेरे'नं थिएटर अडवलं होतं, त्याच 'तेरे मेरे'चं बोट धरून दादा हिंदीत गेले. नियतीलाही द्व्यर्थी बोलता येतं.

मग 'अंधेरी रात में दिया तेरे हाथ में' (१९८६), 'आगे की सोच' (१९८८), 'खोल दे मेरी जुबान' (१९८९). आमच्या शाखेत उत्तर प्रदेशातून बदलून आलेले एक अधिकारी आहेत. त्यांना दादा कोंडके पाठ आहेत. म्हणजे ही चार नावं पाठ आहेत. "सिनेमात काय होतं हो?" विचारलं तर म्हणतात, "वो याद नहीं, नाम याद है." आता ह्यातलं दुसरं नाव कोटी म्हणून फर्स्टक्लास आहे, हे मी अभ्यासपूर्वक सांगतो. 'दिया' म्हणजे दिवाही आणि दिलंही, सगळा खेळ एका शब्दावर. पण ही कोटी पोस्टरची आहे, माणसाची नव्हे. 'सोंगाड्या' हे नाव वाचून कुणी हसत नाही. हसायला आत जाऊन नाम्याला भेटावं लागतं. इथं विनोद बाहेर भिंतीवर संपला, आत जायचं ते फक्त गारव्याला.

असं का व्हावं? दादा तेच, चड्डी तीच, दिग्दर्शनही त्यांचंच. कुणी परक्यानं कातर लावली म्हणावं तर तशीही सोय नाही. मला वाटतं, दोन गोष्टी मागे राहिल्या. पहिली म्हणजे गाव. नाम्याच्या गावाला पाटील आहे, तमाशाचा फड आहे, बोलायची एक ठरावीक तऱ्हा आहे. एस. टी. कुठं थांबते तेसुद्धा आपण सांगू शकतो. हिंदी सिनेमातलं खेडं कुठल्याच जिल्ह्यात नसतं. त्याला पिनकोड नाही. थोडी भोजपुरी, थोडी व्रज, बाकी मुंबईची अशी तिथली बोली. अशा गावात भोळा माणूस कसा राहणार? भोळेपणालासुद्धा रहिवासी दाखला लागतो.

दुसरी गोष्ट आये. 'आये' ह्या हाकेत राग, लाड, भूक आणि कांगावा हे सगळं एकदम येतं. तिच्या जागी हिंदीत शब्द आहे 'माँ'. आणि तोपर्यंत हिंदी सिनेमात 'माँ' म्हणजे निरुपा रॉय झालेली होती. नुसतं "माँ!" म्हटलं तरी प्रेक्षकांचे हात रुमालाकडं जात. अशा बाईसमोर द्व्यर्थी बोलण्याची छाती कुणाची आहे? जामीनदार गेला आणि कर्ज तेवढं राहिलं. अर्थ न कळणारा भोळा पोऱ्या जाऊन त्याच्या जागी अर्थ पुरेपूर कळणारा, डोळा मारणारा मध्यमवयीन गृहस्थ उभा राहिला. पाप त्याच्याच खात्यावर पडायला लागलं. प्रेक्षक हसले असतील, पण खजील झाले नाहीत. आणि खजील न होता हसणं म्हणजे मिठाशिवाय पिठलं.

दादांवर अन्याय नको म्हणून हेही सांगतो, की ह्या दुखण्याची सुरुवात घरीच झाली होती. 'एकटा जीव सदाशिव' हे नाव देवळाच्या भिंतीवरसुद्धा लिहिता येईल. 'बोट लावीन तिथं गुदगुल्या' (१९७८) आणि 'आली अंगावर' (१९८२) इथपर्यंत येता येता नाडी लांब आणि नाम्या आखूड होत चालला होता. हिंदीनं फक्त उरलंसुरलं पथ्य मोडलं. आणि परत आल्यावर 'येऊ का घरात' (१९९२), 'सासरचं धोतर' (१९९४) असा मराठी संसार मांडला, तेव्हा बाहेरची सवय लागलेली होतीच. १९७१ च्या नाम्यानं हे पोस्टर पाहिलं असतं तर आयेला विचारलं असतं, "ह्येचा अर्थ काय गं?" आणि आयेनं त्याला तिथनं ओढून नेलं असतं.

आम्हाला कॉमर्सला गुडविल नावाचं एक प्रकरण होतं. नावलौकिक. त्याचा नियम असा, की ते धंद्यापासून सुटं काढून विकता येत नाही. दुकान, जागा, गिऱ्हाईक ह्यांच्यासकट ते जातं. पाटी तेवढी उचलून दुसऱ्या गावात लावली तर लोक पाटी वाचतात आणि पुढं जातात. हा धडा मी परीक्षेत पाच मार्कांना लिहिला होता. तीन मिळाले. पण तो कळला दादांमुळं.

दुसरं उदाहरण लक्ष्याचं. लक्ष्मीकांत बेर्डे म्हटलं तर कुणीतरी सन्माननीय गृहस्थ वाटतात, म्हणून लक्ष्याच म्हणतो. १९८३ च्या 'टूरटूर' नाटकानं तो लोकांच्या नजरेत भरला आणि १९८८ च्या 'अशी ही बनवाबनवी'नं घरात शिरला. लक्ष्याचा विनोद वाक्यात नसतो. वाक्य सुरू होण्याआधी तो जो घाबरतो, त्यात असतो. त्यासाठी त्याला घाबरवणारा कुणीतरी समोर लागतो, आणि अशोक सराफांनी ते काम इतकं मन लावून केलं, की एक ढकलणार आणि एक पडणार हा करार महाराष्ट्रानं विनास्टँप मान्य केला. गंमत म्हणजे ही 'बनवाबनवी' मुळात हिंदीवरून आली. हृषीकेश मुखर्जींचा 'बीवी और मकान', १९६६ चा. म्हणजे हिंदीतला मकान इथं आणला, आणि त्यात मराठी माणसं इतकी नीट राहायला गेली, की सत्तर रुपयांचं काय झालं हे आज नातवंडांनाही ठाऊक आहे. बँकेत मोठमोठी कर्जं बुडतात, कुणाच्या लक्षात राहत नाहीत. सत्तर रुपये मात्र राहिले.

तर हा लक्ष्या १९८९ साली 'मैंने प्यार किया'त गेला आणि १९९४ साली 'हम आपके हैं कौन'मध्ये. तेव्हा मी शाळेत होतो. आम्ही सहकुटुंब पाहायला गेलो. लक्ष्या पडद्यावर आला मात्र, आमची सगळी रांग तो बोलायच्या आधीच हसली. आईनं वळून मागच्या अनोळखी बाईंना सांगितलं, "आपला लक्ष्या!" जणू तो आमच्याकडं वार लावून जेवायला होता. मग आम्ही वाट पाहू लागलो. आता हा घोटाळा करणार. एवढं मोठं घर, एवढी माणसं, एवढी लग्नं. घोटाळ्याला ह्याहून सुपीक जमीन कुठली? लक्ष्यानं घोटाळा केला नाही. लक्ष्यानं घरकाम केलं. शेवटी ज्या चिठ्ठीवर सगळी गोष्ट अडली होती, ती भलत्या हातात देण्याचं काम तरी लक्ष्याकडं येईल असं वाटलं होतं. मराठीत ते काम दुसऱ्या कुणाला मिळालंच नसतं. ते काम कुत्र्याला मिळालं. कुत्रा गुणी होता, त्याबद्दल तक्रार नाही.

परत येताना बसमध्ये बाबा म्हणाले, "त्याला काही कामच दिलं नाही." आई म्हणाली, "पण मोठ्या घरात आहे ना!" मुंबईला नोकरीला लागलेल्या पुतण्याबद्दल बोलावं तशी दोघं बोलत होती. अभिमान आणि कळवळा एका तिकिटात. देशभर लक्ष्याचा चेहरा पोचला, तो ह्यामुळंच पोचला, आणि नटानं पोट घेऊन कुठं जाऊ नये हे सांगणारे आपण कोण? दादा स्वतःच्या पायांनी गेले आणि स्वतःच्या हातांनी गाठ सैल केली. लक्ष्याचं तसं नाही. त्याला बोलावून नेलं, नवे कपडे दिले आणि एका कोपऱ्यात उभं केलं.

इथवर लिहून हात झटकता आले असते. पण हिशेब जुळत नाही. तफावत आपल्याच बाजूला निघते. १९९२ साली लक्ष्यानं 'एक होता विदूषक' केला. दिग्दर्शन जब्बार पटेलांचं, पटकथा-संवाद पु. लं.चे. तमाशातला एक सोंगाड्या सिनेमात जातो, तिथून राजकारणात जातो, आणि सगळ्या जगाला हसवताना स्वतःच्या पोटच्या पोरीचं हसू त्याला मिळवावं लागतं, अशी ती गोष्ट. म्हणजे माझा हा लेख, पण चांगला लिहिलेला. मी तो टीव्हीवर पाहिला. लक्ष्या दिसला म्हणून आम्ही हसायच्या तयारीनं मांडी घालून बसलो. तो गंभीर झाला तसे आम्ही चुळबुळायला लागलो. शेजारचे काका म्हणाले, "हा काय रडत बसलाय? लक्ष्याचं काहीतरी लावा." समोर लक्ष्याच होता! आयुष्यातलं एक मोठं काम करत होता. पण आम्हाला घाबरणारा, पडणारा हवा होता. नाडी तेवढी हवी, नाडीचे ठोके ज्याचे त्यानं मोजावेत, असं म्हणणारे सगळे मुंबईच्या हिंदी स्टुडिओत बसत नाहीत. काही आमच्या बैठकीच्या खोलीतही बसत. लक्ष्या २००४ साली गेला. तो सिनेमा मी त्यानंतर पुन्हा एकदा लावून पाहिला. ह्या वेळी कुणी चॅनेल बदला म्हणालं नाही, कारण मी एकटाच होतो.

मग कुणीच जाऊ नये का? असंही नाही. अशोक सराफ गेले. हे नाव घेताना माझी छाती फुगते, कारण नट म्हणून नाव होईपर्यंत त्यांनी बँकेत नोकरी केली. आमच्यापैकी एकाला २०२५ साली पद्मश्री जाहीर झाली, आणि ती बँकिंगमधल्या कामगिरीबद्दल नाही, ह्यातच काय ते आलं. १९९५ साली त्यांनी हिंदीत दोन कामं केली. एक 'करण अर्जुन'मधला मुनीम. त्याला एक हेल आणि एक पालुपद दिलेलं. ते लोकांनी उचललं. ती नाडी. दुसरं 'हम पाँच' ही मालिका. पाच मुलींचा बाप, एक जिवंत बायको, एक फोटोतून बोलणारी दिवंगत बायको, आणि मधे हा गृहस्थ. इथं सराफांना विनोद करायचाच नव्हता. सात बायकांचं ऐकून घ्यायचं होतं, आणि ऐकून घेणाऱ्या माणसाचा चेहरा त्यांच्याइतका बोलका दुसऱ्या कुणाचा नाही. काउंटरवर बसून तो तयार झाला असावा, असा माझा व्यावसायिक अंदाज आहे.

ते का जमलं? मालिका दर आठवड्याला येई. प्रेक्षकांना त्या घराची सवय व्हायला वेळ मिळाला. कुठली मुलगी काय बोलणार, फोटो कधी तोंड उघडणार हे त्यांना आधीच कळायला लागलं, आणि मग बाप नुसता वळून पाहायचा आणि लोक हसायचे. परक्या गावात त्यांनी शाखा काढली आणि नवी खाती उघडू दिली. जुन्या शाखेच्या ठेवींवर तिथं कर्ज काढलं नाही. मोठा बाजार विनोद मारत नाही. घाई मारते. नवा प्रेक्षक ओळखीचा व्हायच्या आत त्याच्या तोंडावर आपली खूण फेकायची, आणि तो हसला नाही की आणखी जोरात फेकायची, ह्यात विनोद मरतो.

आता माझं राहिलंय. झोनल ऑफिसला दुसऱ्यांदा पडून आल्यावर मी शाखेच्या कार्यक्रमात उभा राहिलो. पासबुक वाचलं, पिशवीत ठेवलं, दाराकडं गेलो आणि धाडकन पडलो. गुडघ्याला आधीच फडकं बांधून ठेवलं होतं. व्यवसायिकता! टेबलं वाजली नाहीत. लोन सेक्शनच्या बाई पर्समध्ये काहीतरी शोधायला लागल्या. कॅशियरांनी घसा खाकरला. आमचे शिपाईमामा पुढं आले, मला हात देऊन उठवलं आणि हळूच म्हणाले, "साहेब, आजोबा कधी पडले न्हवते. ह्या एक तारखेला आले न्हाईत, म्हनून मी घरी जाऊन आलो. गेले म्हनं." मी काउंटरवर रोज बसणारा. एक तारीख होऊन गेली होती. शटरखालून कुणी वाकून आलं नव्हतं, हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं. मी पडण्याची प्रॅक्टिस करत होतो.

पुढचं वर्षभर मी नक्कल केली नाही. ह्या वर्षी मामाच म्हणाले, "करा की. पर पडू नका." केली. आकड्यांवर बोट ठेवलं, पिशवीत पिशवी घातली, दारापर्यंत गेलो, परत आलो. "आहे बरं का," म्हटलं. कुणी टेबल बडवलं नाही. पण हसले सगळे. बाईंनी पर्समध्ये पुन्हा काहीतरी शोधलं, ह्या वेळी रुमाल.

काल झोनल ऑफिसचं पत्र आलंय. ह्या वर्षीही यावं, "गिरनेवाला आयटम" अवश्य करावा. एवढं सगळं लिहून झाल्यावर शहाण्या माणसानं नकार कळवावा. पण प्रवासभत्ता आहे, दोन दिवस ऑन ड्यूटी आहेत, आणि पाचशे माणसं आहेत. मी होकार कळवला आहे. मात्र ह्या वेळी लवकर पोचून, पहिल्या रांगेतल्या चारदोन जणांशी चहा पिऊन, त्यांच्या गावाकडचा पेन्शनर एक तारखेला काय करतो ते आधी विचारणार आहे.

आणि स्टेजवर जाण्यापूर्वी नाडी तपासणार आहे. दोन्ही.